बेताची ओल

आमच्या सरांना पहिल्यांदा भेटणाऱ्याला ते चक्रम वाटायचे. दुसऱ्यांदा भेटल्यावर खात्री पटायची. तिसऱ्यांदा भेटायला सहसा कोणी येत नसे, आणि आलाच तर सर त्याच्या हातात काडेपेटी ठेवून म्हणायचे, "ओढा." काडी झटक्यात पेटली तर त्या माणसाला खुर्ची मिळायची. नाही पेटली, तर सर खिशातून वही काढून तारीख-वेळ लिहायचे आणि पाहुण्याकडे असे बघायचे, जसं काही हवेतला दमटपणा तोच पिशवीत भरून घेऊन आलाय.

मी त्यांच्या हाताखाली डोंबिवलीच्या एमआयडीसीत लागले तेव्हा नुकती बीएस्सी झालेले. ऐंशीचं दशक संपत आलेलं. बाबा मी कॉलेजात असतानाच गेलेले, घरात आई आणि मी, आणि मिळवणारी मी एकटी. त्यामुळे पहिल्या दिवशी सरांनी नाव-गाव न विचारता "तुमच्याकडे चिवडा किती दिवसांत सादळतो?" असं विचारलं, तेव्हा मी हसू दाबून खरं ते सांगितलं, "सर, पावसाळ्यात डबा उघडायचा अवकाश."

सर खूश झाले. "ठेवून घ्या हिला," असं कोणाला तरी सांगून ते आत निघून गेले. माझा इंटरव्ह्यू एवढाच.

कारखाना अगदी एवढासा. आम्ही पांढरे दाणे बनवायचो, साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे, चुन्यापासून केलेले. आजूबाजूचे लोक चुन्याची फॅक्टरीच म्हणायचे. पण हे दाणे भिंतीला लावायचे नव्हेत. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला गुंगीचा वायू देतात, त्या यंत्रात ते भरतात. पेशंटने सोडलेला श्वासच फिरून त्याच्याकडे परत जातो, आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड हे दाणे वाटेत धरून ठेवतात. दाण्यांनी धरला नाही तर तो पेशंटच्याच छातीत परत जाणार. इतकं साधं आणि इतकं भयंकर काम.

आता या दाण्याची गंमत अशी, की त्याला वायू धरायला आत थोडं पाणी लागतं. पाणी वाढलं की दाणा मऊ पडतो, फुटतो, त्याचा गिच्च गोळा नाहीतर भुगा होतो. पाणी पार उडालं की दाणा दिसायला एकदम देखणा, कडक, पण वायू समोरून गेला तरी ढुंकून बघत नाही. सरांनी हे मला पहिल्याच आठवड्यात समजावलं आणि वर आपलं आवडतं वाक्य ऐकवलं, "ओल हवी. पण बेताची."

हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे आणि कशालाही लावायचे. उपमा, शेणाचं सारवण, नवरा-बायकोचं भांडण, सरकारी पत्राची भाषा. माणसांची तर त्यांनी प्रतवारीच लावलेली. पॅकिंगचा फोरमन विठ्ठलवाडीहून यायचा, सगळ्यांच्या दुःखात आधी हाच रडणार. "सादळलेला माणूस," सर म्हणायचे. आमचे मालक कामाशिवाय एक शब्द बोलायचे नाहीत, कोणाच्या घरी मयत झालं तरी पहिला प्रश्न, "पाळीला बदली कोण?" त्यांच्याबद्दल सर हळू आवाजात म्हणायचे, "कडकडीत वाळलेला. ह्याच्यातून काही आत जात नाही." मी स्वतःचं विचारलं, तर मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तू ठीक आहेस. शेंगदाण्याच्या कुटाएवढी."

मी आजतागायत ते कौतुक समजत आलेय.

लॅबमधल्या एका लाकडी कपाटात चोवीस तास दिवा जळत असायचा, आतली रसायनं कोरडी राहावीत म्हणून. त्या कपाटात रसायनांच्या शेजारी सरांचे मोजे, रुमाल, एक बनियन आणि पार्ले बिस्किटांचा पुडा असायचा. एकदा मालक कुठल्यातरी मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना लॅब दाखवायला घेऊन आले आणि ऐटीत त्यांनी ते कपाट उघडलं. डॉक्टरांनी बनियनकडे बोट करून विचारलं, "हे काय?" सर शांतपणे म्हणाले, "कंट्रोल सॅम्पल." डॉक्टरांनी मान डोलावली. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झालेला.

पण सरांचं खरं हत्यार म्हणजे त्यांचं गरगरं. दोन थर्मामीटर एका लाकडी पट्टीवर बसवलेले, त्यातल्या एकाच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि पट्टीला मूठ. ते हातात धरून गोफणीसारखं गरागरा फिरवायचं, मग दोन्हींतला फरक बघायचा, की हवेत ओल किती ते कळतं. शास्त्रीय उपकरण आहे, मान्य. पण ते कुठे फिरवायचं याचं काही शास्त्र असतं की नाही? आमच्या शिपायाचं लग्न खडवलीला होतं. नदीकाठचं गाव, वरात निघालेली, सरांना राहवलं नाही. वरातीच्या मधोमध उभे राहून त्यांनी गरगरं डोक्यावर फिरवायला सुरुवात केली. बॅण्डवाल्यांना वाटलं, मोठे साहेब रंगात आले! त्यांनी ताल वाढवला. पोरांनी रुमाल काढून सरांभोवती फेर धरला. रीडिंगला दोन मिनिटं फिरवावं लागतं, सरांनी ती पूर्ण दोन मिनिटं फिरवलं, मग थांबून, चष्मा वर करून, वहीत आकडा लिहिला. नवरदेवाचे मामा मला म्हणाले, "तुमचं साहेब काय नाचतान वो! पन मदीच हिशेब कसला करतान?"

तर आता मुद्द्याचं.

दर पावसाळ्यात आमच्या मालाच्या तक्रारी यायच्या. गोण्या उघडल्या की निम्मा भुगा. सरांनी दोन वर्षं खपून दाण्याची नवी कृती बसवली आणि मालकांना सांगितलं, हा दाणा पावसाळा काढेल. मालक म्हणाले, "लिहून द्या. तुमच्या सहीचा कागद असला, तर भाद्रपद संपायच्या आत अख्खा लॉट पाठवतो. हॉस्पिटलं कागद मागतायत." सर म्हणाले, "आधी पावसाळा काढू दे, मग लिहितो." मालकांनी ते कबूल केलं, आणि जाता जाता म्हणाले, "हे जमलं तर लॅब वाढवू. ह्या मुलीलाही कायम करून टाकू."

कायम! हा शब्द ऐकला आणि मला बाकीचं काही ऐकूच आलं नाही. तेव्हा मी दर तीन महिन्यांनी कागद बदलून लागणारी मुलगी होते.

सरांचं म्हणणं, लॅबमधली चाचणी खोटी, माल खऱ्या घरात, खऱ्या दमट हवेत ठेवून बघायला हवा. म्हणून त्यांनी कारखान्यातल्या माणसांमध्ये सगळ्यांत ओलं घर कोणाचं ते शोधायला काढलं. रविवारी रविवारी गरगरं घेऊन ते मोहन्यापासून खडवलीपर्यंत सगळ्यांकडे जाऊन आले. आणि पहिला नंबर आला आमचा. डोंबिवली पश्चिम, तळमजला, मागे दलदल आणि तिच्यापलीकडे खाडी. स्वयंपाकघराच्या भिंतीला खिळा ठोकला की पाणी दिसायचं.

आईला मी हे कौतुकाने सांगायला गेले, तर ती भडकली. "म्हणजे डोंबिवलीत सगळ्यांत वाईट घर आपलं, हे सांगायला येतोय का तुझा साहेब?" पण सर आले, दाराशी चपला काढून वाकून म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरासारखं घर मला कुठे मिळालं नाही," आणि आई विरघळली. मागून मला म्हणाली, "माणूस सज्जन आहे. पण गं, घर ओलं आहे तर आहे, त्यात एवढं हात जोडण्यासारखं काय?"

दाण्यांनी भरलेला एक पसरट ट्रे, वर भोकाभोकांचं झाकण, असा तो नमुना आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर स्थापन झाला. सरांनी आईला बजावलं, "वहिनी, हात लावायचा नाही, हाताला झोंबतं. पावसाळाभर टिकायला हवा, बरं का. माझी सगळी इभ्रत ह्यात आहे."

आई म्हणाली, "काळजी करू नका हो. मी आहे ना."

तिच्या या "मी आहे ना"चा अर्थ आम्हाला दोघांनाही तेव्हा कळला नाही.

मग दर रविवारी सकाळी सर ठाण्याहून यायला लागले. बरोबर टीव्हीवरच्या मालिकेच्या वेळी. चाळीत टीव्ही दोघांकडेच, त्यामुळे आमची खोली गच्च भरलेली. हात जोडून बसलेल्या म्हाताऱ्या, मांडीवर पोरं. सर दारातून आत आले की आधी डोकी मोजायचे. "सतरा. सतरा माणसं एका खोलीत श्वास सोडतायत! वहिनी, सगळा कार्बन डायऑक्साइड आमच्या ट्रेकडे येतोय."

"मग काय करू, देवाच्या मालिकेतून माणसं उठवू?"

"उठवू नका. फक्त मी झाकण उघडतो तेवढा वेळ श्वास धरायला सांगा."

आणि खरंच, तुम्हाला खोटं वाटेल, शेजारच्या काकूंनी सगळ्यांना "अरे, साहेबांचा प्रयोग चाललाय, धरा रे श्वास" म्हणून सांगितलं आणि सतराच्या सतरा माणसांनी गाल फुगवले. दोन पोरांना हसू फुटलं. सरांनी वहीत लिहिलं, 'माणसे १७, पैकी २ गळकी.'

श्वास धरलेला असताना ते ट्रेमधून चिमट्याने एक दाणा उचलायचे, आईच्या स्टीलच्या वाटीत वरून सोडायचे आणि वाटीला कान लावायचे. मऊ पडलेला दाणा 'थप' वाजतो. आमचा वाजायचा 'टण'. स्वच्छ, घंटेसारखा. सरांचा चेहरा असा उजळायचा की काय सांगू. मग आई पोहे द्यायची. पोहे खाऊन, "ओल अगदी बेताची, वहिनी," अशी पावती देऊन ते जायचे.

आषाढ गेला, श्रावण लागला. बाहेर सगळं सादळत होतं, चपलांना बुरशी आलेली, काडेपेट्या तव्यावर शेकत होतो. आमचा दाणा मात्र टण. कारखान्यात बातमी पसरली. मालक एकदा चक्क हसले.

दारावर सुकी मासळी घेऊन यायची ती खाडीवरची कोळीण मावशी एका रविवारी सरांचा दाणा वाजवण्याचा कार्यक्रम बघत उभी राहिली. सरांनी तिला समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "आमची सुकट बी तशीच रं बाबा. कमी सुकली त किडं परतान. जास्ती सुकली त लाकूर." सर मला म्हणाले, "हिला डिग्री द्या गं कोणीतरी." आणि का कोण जाणे, त्या दिवशी ते पोहे अर्धे टाकून गेले.

नागपंचमीला मला कारखान्यातून लवकर सोडलं. गल्लीत शिरले तर ऊन पडलेलं, आणि चाळीच्या ओट्यावर आईने वाळवण घातलेलं. पहिल्या सुपात तूरडाळ, दुसऱ्यात रवा, तिसऱ्यात मिरच्या. आणि चौथा, उघडा, उन्हात चमचमणारा, सरांचा ट्रे.

मी पिशवी तिथेच टाकून धावले. "आई! हे काय केलंस?"

"काय म्हणजे? ऊन दाखवतेय."

"अगं, त्याला हात लावायचा नव्हता!"

"हात कुठे लावलाय? फडक्याने धरून आणलाय." मग माझ्याकडे बघून, शहाण्या माणसाने खुळ्याशी बोलावं तशी म्हणाली, "टिकायला हवं असं तुझे साहेबच म्हणाले ना? मग टिकवतेय. दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात ठेवलेली, ती काय सादळून परत द्यायची? ऊन नसलं की शेगडीच्या उबेला ठेवते. पहिल्यापासून ठेवतेय. म्हणून तर टण वाजतंय!"

पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडच्या बायका हेच करत आल्या. पावसाळ्यात उन्हाची तिरीप आली की घरातलं जे जे म्हणून सादळेल ते बाहेर. कोणी मुंजीत दिलेला शेला असो की शेजाऱ्याने ठेवायला दिलेलं धान्य. आईला कुणी सांगितलंच नव्हतं, की सरांना टिकवायचं नव्हतं, टिकतं का ते बघायचं होतं.

मी त्याच संध्याकाळी सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले. खरं कारण मला चांगलं माहीत होतं. प्रयोग फुकट गेला तर मला कोण कायम करतंय? आणि पुढच्या रविवारी दाणा 'टण' वाजला तेव्हा मी मान खाली घालून पोहे परतत बसले. लाज वाटते सांगायला, पण आईला ट्रे नेऊ नकोस असंही मी म्हणाले नाही.

अनंत चतुर्दशी झाली आणि शेवटचा रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सोमवारी सरांनी कागदावर सही करायची, असं ठरलेलं. गोण्या भरून तयार होत्या, ट्रक सांगितलेला होता. सर पेढे घेऊन आले. "वहिनी, मान तुमचा. शेवटची परीक्षा तुमच्यासमोर."

शेवटची परीक्षा म्हणजे दाणे वायू धरतात का ते बघायचं. इतके दिवस त्यांनी फक्त टणकपणा बघितलेला, कारण तक्रारी भुग्याच्याच होत्या. त्यांनी एका काचेच्या नळीत दाणे भरले, नळीचं खालचं टोक चुन्याच्या निवळीत बुडवलं. पेल्यातली निवळी पाण्यासारखी नितळ. "आता मी फुंकणार. माझ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाण्यांनी धरला, तर निवळी अशीच राहील. नाही धरला, तर पांढरी होईल."

खोलीतल्या सगळ्यांनी सवयीने श्वास धरला.

सरांनी फुंकलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या फुंकरीला पेल्यात पांढरं ढवळलं.

"अगंबाई, ताक झालं की!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

सर नळी तोंडातून काढून पेल्याकडे बघत राहिले. कोणी हसलं नाही. आईच्या लक्षात आलं, काहीतरी बिघडलंय. बिचारी कळवळून म्हणाली, "असं कसं झालं हो? मी तर किती जपलं! एकही ऊन वाया घालवलं नाही."

"ऊन?" सर म्हणाले.

मग आईने सगळं सांगितलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, वही काढली आणि म्हणाले, "वहिनी, कोणकोणत्या दिवशी, सांगता?"

आई बोटांवर मोजत सांगू लागली. दिव्याच्या अवसेला, नागपंचमीला, पहिल्या मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशी, नारळी पौर्णिमेला थोडंसंच, मग पावसाची सर आली म्हणून आत घेतलं, गोकुळाष्टमीला. "आणि हरतालिकेला. मला निर्जळी उपास होता, तरी नेला." सर एकेक तिथी मान डोलावत लिहीत होते, जसं काही लॅबमधलं तापमानच लिहितायत. मधल्या बाकीच्या तिथी धरून अकरा उन्हं भरली. शेगडीची ऊब वेगळी.

"ओल हवी," सर वही मिटत पुटपुटले, पण पुढचं बोलले नाहीत. चार शब्दांचं ते वाक्य अर्ध्यावर सोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दारापर्यंत पोचवायला आलेल्या आईला मात्र राग आलेला, स्वतःचाच. "अहो पण साहेब, त्याला सादळूही द्यायचं नाही आणि वाळूही द्यायचं नाही, तर झाकणाला भोकं ठेवायचीच कशाला? लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला आपण फडक्याचा घट्ट दादरा बांधतो, तसा बांधायचा आणि ठेवून द्यायचं!"

सरांनी मिटलेली वही दारातच पुन्हा उघडली आणि एक ओळ लिहिली.

मी त्यांना सोडायला स्टेशनच्या रस्त्याने निघाले. अर्ध्या वाटेत मला रडू फुटलं. "सर, मला माहीत होतं. नागपंचमीपासून."

"मला त्याच्याआधीपासून," सर म्हणाले.

मी थांबलेच.

"तिसऱ्या रविवारी ट्रेला हात लागला, गरम होता. बाहेर धो धो पाऊस. स्वयंपाकघरात फळीवरचा ट्रे आपला आपण गरम होतो होय?"

"मग विचारलं का नाहीत?"

"तुझी आई पोहे वाढत होती." ते थोडं चालले. "आणि टण ऐकायला फार बरं वाटायचं गं. दोन वर्षं नुसतं थप ऐकलेलं."

माझ्यातली लबाडी अजून मेलेली नव्हती. मी डोळे पुसून म्हणाले, "सर, पण मालकांना टणकपणाच हवाय. तो तर आहे. आपल्या दोघांशिवाय कोणाला कळणार?"

"टेबलावर झोपवलेल्या माणसाला कळेल," सर म्हणाले. "तो सांगू शकणार नाही, एवढंच."



सोमवारी मालकांच्या केबिनमध्ये मीही होते. मालकांनी कागद पुढे सरकवला. "साहेब, माल टणक आहे की नाही?"

"आहे."

"मग सही करा."

"रस्त्यावरची खडीही टणक आहे. ती भरू का गोण्यांत?"

"बाहेर ट्रक उभा आहे!"

"त्याला सांगा, खडी न्यायचीय."

इतकं साधं, आवाज न चढवता. मालक लालबुंद झाले, टेबलावर हात आपटला, काय काय बोलले. सरांनी सही केली नाही. त्या लॉटमधली एकही गोणी बाहेर गेली नाही, आणि पुढचे आठ दिवस मालक कोणाशी बोलले नाहीत, म्हणजे नेहमीपेक्षाही कमी बोलले.

सरांना काढलं, असं कोणी म्हणालं नाही. त्यांचं टेबल फक्त लॅबमधून उचलून गोदामाच्या दारात ठेवलं, जिथे तिन्ही बाजूंनी पाऊस आत यायचा. सर तिथे संक्रांतीपर्यंत बसले, दर तासाला गरगरं फिरवत. म्हणायचे, "इतकी चांगली जागा मला आधी का नाही दिली?" मग नोकरी सोडून गेले. ठाण्याला घरी मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले. मी अधूनमधून जायचे. सर दारात काडेपेटी हातात द्यायचेच. मी शिकून ठेवलेलं, पर्समधून स्वतःची, तव्यावर शेकलेली पेटी न्यायचे आणि हळूच तिचीच काडी ओढायचे. त्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. मला नेहमी खुर्ची मिळायची.

पुढच्या पावसाळ्याआधी मालकांनी मुकाट्याने गोण्या बंद केल्या. माल लहान लहान डब्यांत, झाकण मेणाने पक्कं बंद करून जायला लागला. तक्रारी थांबल्या. आईला ह्याचं काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "दादरा," एवढंच म्हणाली.

आणि मी कायम झाले. कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडेपर्यंत त्याच लॅबमध्ये होते.

ते कसं, हे सांगायचं राहिलं. आतापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. सर मालकांसाठीचा रिपोर्ट नेहमी हाताने, मराठीत लिहायचे. गोदामाच्या दारातल्या टेबलावर बसून त्यांनी या प्रयोगाचा रिपोर्ट लिहिला आणि सही करायच्या आधी मला वाचायला दिला. सगळं होतं त्यात. अकरा तिथी होत्या. 'नमुन्यास गृहिणीने ऊन दाखवल्याने निष्कर्ष बाद. दोष गृहिणीचा नाही, तिला प्रयोगाचा हेतू समजावून सांगितला नव्हता.' पुढे, 'प्रयोगप्रमुखास तिसऱ्या आठवड्यापासून शंका होती. त्याने चौकशी केली नाही. जबाबदारी त्याची.' डब्यांची सूचना होती, कंसात 'सौजन्य : सहायकाच्या मातोश्री'. आणि सगळ्यांत शेवटी, वेगळ्या ओळीवर, 'सहायकास या प्रकाराची काहीही कल्पना नव्हती.'

मी ती ओळ तीनदा वाचली. एका दाण्याबद्दल खोटं लिहायला लागू नये म्हणून ह्या माणसाने लॅब घालवलेली.

"सर," मी म्हणाले, "ही शेवटची ओळ खरी नाही."

"नाही."

"मग सही कशी करणार?"

बाहेरून पावसाची झड आली, कागदाचा कोपरा भिजला. सरांनी तो बाहीने टिपला, अगदी हलक्या हाताने, शाई फुटू न देता.

"बेताचीच आहे गं," ते म्हणाले, आणि रिपोर्ट माझ्या हातातून घेऊन त्यांनी खाली सही केली.